शब्दाची पत

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

२०१८ सालच्या नोव्हेंबरअखेरीस नाशिक जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांदा बाजारात विकला आणि त्याच्या हाती १,०६४ रुपये पडले. किलोला दीड रुपयाहूनही कमी. ती रक्कम त्याने घरी नेली नाही. त्याने ती मनिऑर्डरने पंतप्रधानांकडे आपत्ती निवारण निधीसाठी पाठवून दिली आणि मनिऑर्डरच्या हशिलाचे ५४ रुपयेही पदरचे भरले. त्याने सभा घेतली नाही, पत्रक काढले नाही, कोणाला शिवीगाळ केली नाही. तरीही थोड्याच दिवसांत ही बातमी देशभर पसरली. कांद्याच्या भावासंबंधी त्यापूर्वी किती निवेदने दिली गेली आणि किती ठराव संमत झाले, याची गणती नाही. त्यांतील बहुतेक कागद आवक-जावक विभागाचा शिक्का खाऊन फायलीत विसावले. एका मनिऑर्डरीला जे साधले ते या निवेदनांना का साधले नाही, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. परंतु सार्वजनिक जीवनात माणूस माणसाला आपले म्हणणे कसे पटवून देतो, हा मोठा विषय त्याच्या पोटात आहे.

या विषयाचा पद्धतशीर विचार सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने केला. वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात त्याने पटवून देण्याची तीन साधने सांगितली. पहिले ईथॉस, म्हणजे बोलणाऱ्याच्या शीलाविषयी ऐकणाऱ्याला वाटणारा विश्वास. दुसरे पॅथॉस, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात जागी होणारी भावना. तिसरे लोगॉस, म्हणजे प्रत्यक्ष युक्तिवाद, पुरावा आणि त्यातून निघणारा निष्कर्ष. मराठीत पहिल्यासाठी ‘पत’ हा शब्द अगदी चपखल बसतो. गावात कोणाच्या शब्दाला किती वजन आहे हे सांगताना मराठी माणूस हाच शब्द वापरतो, आणि सावकार कर्ज देताना जे जोखतो तेही पतच असते. दुसऱ्या साधनाला ‘भाव’ म्हणता आले असते. परंतु नाशिक जिल्ह्यात भाव म्हटले की लासलगावचा लिलावच डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणून त्याला भावना म्हणणेच बरे.

आता ती मनिऑर्डर पुन्हा पाहावी. ७५० किलो आणि १,०६४ रुपये, हे दोन आकडे म्हणजे संपूर्ण युक्तिवाद होता. ज्याला भागाकार येतो त्याला आणखी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. चार महिन्यांच्या कष्टाचे मोल दान म्हणून परत करण्यात जो उपरोध होता, तो वाचणाऱ्याच्या मनाला डाचत होता. ही भावना झाली. आणि पैसा पाठविणाऱ्याच्या स्वतःच्या घामाचा होता, हशीलही त्याच्याच पदरचे होते. ही पत झाली. तिन्ही साधने एकाच कृतीत एकवटली होती. निवेदनांत बहुधा यांपैकी एखादेच असते, आणि पुष्कळदा तेही उसने आणलेले असते.

पत कोणाला आणि कशी

तीन साधनांपैकी युक्तिवाद हे अधिक प्रतिष्ठित आणि भावना हे कमअस्सल, अशी सुशिक्षितांची एक समजूत असते. समाजवादी चळवळीचा पिंडही मूळचा युक्तिवादाचाच आहे. १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता हे तरुण एकत्र आले, तेथे वादविवाद झाले, आणि १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्यांतूनच आकाराला आली. तथापि त्याच काळात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, हेही विसरता येत नाही. या दोन्ही गोष्टींचा प्रभाव पुढील पिढ्यांवर पडला, आणि किती तरी घरांत समाजवादी विचाराला वाट करून दिली ती दुसरीने. भावना ही बुद्धीची शत्रू नव्हे. एखाद्या वस्तुस्थितीचा राग यावा की तिची कीव यावी, हे ओळखणे हाही विवेकाचाच भाग आहे, असे ॲरिस्टॉटलचे म्हणणे होते. मात्र भावनेच्या मागे खरी वस्तुस्थिती उभी असली पाहिजे, एवढीच अट आहे.

खरा पेच भावनेचा नाही, पतीचा आहे. ॲरिस्टॉटलच्या मते वक्त्याविषयीचा विश्वास त्याच्या भाषणातूनच निर्माण व्हावा. त्याच्या आधीच्या लौकिकावर तो अवलंबून राहू नये. विचार उदात्त आहे. परंतु ज्या अथेन्समध्ये तो मांडला गेला तेथे गुलामांना सभेत तोंड उघडण्याचा अधिकार नव्हता आणि स्त्रियांनाही नव्हता. ज्यांना बोलूच दिले जात नाही त्यांच्या भाषणातून विश्वास निर्माण व्हायचा कसा, हा प्रश्न त्या शास्त्रात उपस्थित होत नाही.

भारतीय परंपरेतही हाच पेच वेगळ्या रूपाने आढळतो. न्यायदर्शनाने शब्द हे ज्ञानाचे एक प्रमाण मानले. मात्र तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जी जशी दिसली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे विश्वसनीयता जन्मावर ठरत नाही, हे तत्त्व या देशात पंधराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. व्यवहार मात्र नेमका उलटा चालला. कोणाचा शब्द मानावा आणि कोणाचा कानाआड करावा, हे जातीवरून, जमिनीवरून आणि लिंगावरून ठरत राहिले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पत हे भांडवल आहे, आणि इतर भांडवलाप्रमाणेच त्याचे वाटपही समाजात विषम आहे. काहींना ते वारसाहक्काने मिळते. ते काय बोलतात हे ऐकण्याआधीच लोक माना डोलवू लागतात. इतरांना ते कणाकणाने आणि फार महाग किंमत देऊन मिळवावे लागते. पटवून देण्याच्या कलेवर पुस्तके पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक ही विषमता गृहीत धरून पुढे जातात. समाजवाद्याला तसे करता येणार नाही.

काळाराम मंदिराच्या दाराशी

या विधानाचा पुरावा शोधण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. पंचवटीत काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि हजारोंची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या दारांशी बसू लागल्या. त्यांत स्त्रियाही होत्या. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी या लढ्याचा स्थानिक भार वाहिला. ९ एप्रिल १९३० रोजी रामनवमीच्या रथोत्सवात सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पुढे १९३५ पर्यंत हा लढा कमीअधिक जोराने चालू राहिला. दरवाजे उघडले नाहीत.

पटवून देण्याच्या शास्त्राने येथे थांबून विचार केला पाहिजे, कारण ॲरिस्टॉटलची तिन्ही साधने येथे भरपूर होती. युक्तिवाद निरुत्तर करणारा होता: ज्यांना हिंदू म्हणून मोजले जाते त्यांना हिंदूंच्या मंदिरात का जाता येऊ नये? भावनेला तर तोटा नव्हता. रामाच्या दर्शनासाठी रामभक्तांनीच अडविलेले लोक दाराशी भजन करीत बसले होते. आणि पतीचा प्रश्न असेल तर चळवळीचे नेतृत्व कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांतून अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदव्या मिळविलेल्या बॅरिस्टराकडे होते. नाशिक शहरात त्या दिवशी एवढा शिकलेला दुसरा माणूस सापडला नसता. त्या दाराआड ही सारी पत एका क्षणात शून्य ठरली, कारण दाराआडच्या लोकांच्या खातेवहीत ती जमेच्या बाजूला धरण्याची सोयच नव्हती. तेथे पत जन्माच्या रकान्यात लिहिली जात होती.

बाबासाहेबांना याची जाणीव पहिल्याच दिवशी होती. मंदिरप्रवेशाने अस्पृश्यांचे सारे प्रश्न सुटणार नाहीत, हे त्यांनी सत्याग्रहाच्या प्रारंभीच सांगितले होते. हा सवर्ण हिंदूंच्या मनाला घातलेला प्रश्न आहे आणि ते मन काय उत्तर देते हे पाहावयाचे आहे, असा त्यांचा रोख होता. ३ मार्च १९३४ रोजी गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आणखी स्पष्ट केले की, लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून ही चळवळ आरंभलेली नव्हती. त्यांच्यात चैतन्य यावे आणि आपल्या स्थितीचे त्यांना भान यावे, यासाठी तो उत्तम मार्ग वाटला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. एका श्रोत्याला पाच वर्षे प्रश्न विचारून झाला होता. त्याने उत्तर दिले नाही, हेच त्याचे उत्तर ठरले. मग वक्त्याने श्रोता बदलला आणि तो आपल्याच लोकांशी बोलू लागला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ज्याचे हितसंबंध किंवा मोठेपण न पटण्यात गुंतलेले आहे, त्याला केवळ शब्दाने पटविता येत नाही. तेथे संघटनेचे बळ आणि कायद्याचा आधार लागतो. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये झाला, आणि राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. दुसरी गोष्ट अशी की, दारे उघडली नाहीत म्हणून शब्द वाया गेले असे होत नाही. काळारामाच्या दाराशी बोलले गेलेले शब्द दाराआडच्यांनी ऐकले नाहीत, दाराबाहेरच्यांनी ऐकले. दादासाहेब गायकवाड पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते झाले, याची मुळे या पाच वर्षांत आहेत.

याच्या शेजारी पंढरपूर ठेवून पाहावे. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभले आणि १० मे रोजी ते सुटले. मंदिर खुले झाले. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्राचा दौरा करून गावोगावची मने तयार केली होती, हे त्यांच्या यशाचे एक कारण. समाजवादी परंपरेला या घटनेचा रास्त अभिमान आहे. परंतु त्या अभिमानात एक कडू सत्य बुडून जाऊ देता कामा नये. नाशिकला ज्यांनी स्वतःचा हक्क मागितला त्यांना पाच वर्षे दार उघडले नाही. पंढरपुरात सवर्ण घरात जन्मलेल्या संतवृत्तीच्या माणसाने तोच हक्क त्यांच्या वतीने मागितला तेव्हा दहा दिवसांत उघडले. मधल्या सतरा वर्षांत काळ बदलला होता, स्वराज्य दारात आले होते, आणि दलितांच्या लढ्याने जमीन नांगरून ठेवली होती. हे सारे धरूनही फरक उरतोच. गुरुजींच्या त्यागाला यामुळे उणेपणा येत नाही. आपल्या वाट्याला आलेली जन्मजात पत ज्यांना ती नाकारली गेली त्यांच्यासाठी त्यांनी प्राण पणाला लावून खर्च केली, हेच त्यांचे मोठेपण. मात्र अशी पत उसनी घ्यावी लागते, ही समाजाच्या व्यवस्थेतील उणीव आहे.

आकड्यांचा प्रामाणिकपणा

आता युक्तिवादाकडे वळावे, आणि त्यासाठी पुन्हा कांद्याकडे यावे. सत्तरीच्या दशकाअखेर कांद्याच्या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले. बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले आणि त्यांनी शेतीचा हिशोब मांडला. त्याआधी शेतकऱ्याच्या दैन्याची कैफियत बहुधा करुणेच्या सुरात मांडली जात असे. दुष्काळ, कर्ज, अज्ञान, व्यसन ही तिची ठरलेली कारणे. जोशींनी उत्पादनखर्च आणि मिळणारा भाव यांतील तफावत पुढे ठेवली, आणि शेतकरी दया मागत नसून घामाचे दाम मागतो आहे, असे सांगितले. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव मिळावा म्हणून हजारो शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर येऊन बसले. जे एरवी सभेला येत नसत ते बेरीज-वजाबाकी ऐकण्यासाठी आले, कारण ती त्यांच्याच घरची होती.

समाजवाद्यांचे जोशींशी मतभेद होते आणि ते गंभीर होते. बाजार मोकळा केला की शेतकरी मोकळा होईल हा त्यांचा निष्कर्ष मान्य करण्यासारखा नव्हता. उत्पादनखर्चाच्या हिशोबात शेतमजूर स्त्रीच्या रोजाचा आकडा कोणत्या दराने धरला, हा प्रश्नही विचारण्याजोगा होता. परंतु निष्कर्ष अमान्य असला तरी पद्धतीचे ऋण मान्य करावे लागते. ज्याने स्वतः नांगर धरून आणि वही लिहून आकडा आणला, त्याला कार्यालयात बसून काढलेल्या पत्रकाने उत्तर देता येत नव्हते.

आकड्याने पटविता येते तसे फसविताही येते, आणि याचे उदाहरण बाजार समितीच्या रोजच्या भावफलकावरच आहे. तेथे तीन भाव लिहिलेले असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शेतकरी गबर झाला असे ज्याला सिद्ध करायचे तो कमाल भाव उचलतो. शेतकरी बुडाला असे ज्याला सांगायचे तो किमान भाव उचलतो. दोघेही खोटे बोलत नाहीत, आणि दोघेही खरे सांगत नाहीत. चांगल्या मालाची एखादी ट्रॉली कमाल भावाने गेली म्हणजे त्या दिवशीची सारी आवक तशी गेली असे होत नाही. सर्वसाधारण भाव, त्या दिवशीची आवक, चाळीत साठवताना होणारी घट, गोणी, हमाली आणि वाहतूक एवढे मांडले तरच वाक्य पुरे होते. असे पुरे वाक्य लिहिणारी पत्रके किती निघतात?

कांद्याचा प्रश्न मुळात अवघड का आहे, हेही या निमित्ताने समजून घेतले पाहिजे. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महाग झाला म्हणून सर्वस्वी सोडत नाही. मागणीला लवचिकता नसल्यामुळे आवक थोडी वाढली तरी भाव कोसळतो आणि थोडी घटली तरी आकाशाला भिडतो. म्हणून एका मोसमात शेतकरी रडतो आणि दुसऱ्या मोसमात गिरणगावातील किंवा दिल्लीतील गृहिणी. दोघांचेही अश्रू खरे आहेत. राजकारण मात्र एका वेळी एकाचेच अश्रू दाखविते. जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा विषय झाला आणि १९९८ मध्ये दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीतही झाला; दोन्ही वेळा महागाईने त्रासलेल्या गिऱ्हाइकाच्या भावनेला हात घातला गेला. भाव चढला की सरकार जागे होते आणि पडला की निजते, हा अनुभव अलीकडचाही आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, तेव्हा जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले, आणि ते पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. कांदा-भाकरीवर दिवस काढणारा शहरातील मजूर आणि कांदा पिकविणारा शेतकरी यांना एकमेकांचे शत्रू भासविणे हा भावनेचा गैरवापर आहे. दोघांनाही एकाच वेळी दिसेल असे वाक्य लिहिणे कठीण असते. समाजवादी लेखनाचे काम नेमके तेच आहे.

रात्रीची चाल

पत कशी मिळविली जाते, याचे अलीकडचे उत्तम उदाहरणही नाशिकचेच आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा मुंबईकडे पायी निघाला. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या भागांतील आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. वनहक्क कायदा २००६ साली झाला होता. कसत असलेल्या जमिनीचा ताबा कागदावर मिळावा ही त्यांची मुख्य मागणी होती. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ मार्चला मोर्चा मुंबईत शीव येथे पोचला. दुसऱ्या दिवशी विधानभवनाला घेराव घालण्याचा कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती. दिवसा चालल्यास रस्ते अडतील आणि मुलांची परीक्षा हुकेल. मोर्चेकऱ्यांनी विश्रांती सोडली. सोलवटलेल्या पायांनी ते मध्यरात्रीनंतर पुन्हा उठले आणि उजाडण्याच्या सुमारास आझाद मैदानावर जाऊन बसले.

त्या मोर्च्याचा झेंडा समाजवाद्यांचा नव्हता. तथापि शिकावे तेथून शिकले पाहिजे. त्या रात्री कोणी भाषण केले म्हणून मुंबई हलली नाही. ज्यांच्या मुलांना शाळा दूर आहे, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांची परीक्षा सांभाळली, हे मुंबईकरांनी पाहिले, आणि लोक पाणी, खाणे, पायताणे घेऊन घरांतून बाहेर आले. ज्या मध्यमवर्गाला एरवी मोर्चा म्हटला की वाहतुकीचा खोळंबाच तेवढा दिसतो, त्याने त्या दिवशी प्रथमच विचारले की, या लोकांचे म्हणणे तरी काय आहे? पतीचे कार्य एवढेच असते. ती युक्तिवादाची जागा घेत नाही; युक्तिवाद ऐकून घेतला जाईल एवढी जागा करून देते. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले.

या कथेला उत्तरार्धही आहे. आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नाशिकहून मोर्चे निघावे लागले. लेखी शब्द देऊन जे सरकार तो पाळत नाही त्याची पत घटली पाहिजे. व्यवहारात उलटेच होते: सरकारची पत कायम राहते आणि पुन्हा चालावे लागते ते आदिवासींना. सावकाराने बुडविले तरी सावकार सावकारच राहतो, तशातला हा प्रकार. पतीच्या विषम वाटपाचा याहून ढळढळीत पुरावा नको.

लिहिणाऱ्यांचे दायित्व

मित्रहो, या अभ्यासवर्गातील तरुणांपैकी पुष्कळांना उद्या पत्रके आणि निवेदने लिहावी लागतील. सध्या खिशातील फोनवर दिवसाकाठी शेकडो मजकूर येतात. त्यांतील बहुतेक संताप किंवा भय विकतात. त्यांच्याशी आवाजाने स्पर्धा करू पाहणारा हरेल. म्हणून मजकूर छापावयास देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न युक्तिवादाचा: आपल्या बाजूला अडचणीचा असलेला आकडा आपण दिला आहे काय? दिला नसेल तर प्रतिपक्ष तो देणारच, आणि मग उरलेले खरे आकडेही संशयास्पद ठरतील. दुसरा प्रश्न भावनेचा: ज्याचे दुःख आपण वर्णिले त्याला हा मजकूर वाचून दाखविला तर तो ‘असेच आहे’ म्हणेल, की संकोचून खाली पाहील? दुःखाचे प्रदर्शन मांडल्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईलही, परंतु दुःखी माणसाचा मान त्यात जातो. तिसरा प्रश्न पतीचा, आणि तो सर्वांत अवघड आहे: हा शब्द लिहिताना आपण स्वतःचे काय खर्च केले? जमिनीचे कागद पाहिले, शिवारात जाऊन आलो, लिलावाच्या ओट्यावर एक सकाळ उभे राहिलो, एवढे तरी घडले काय?

हे काटेकोरपण केवळ सुसंस्कृतपणाची बाब म्हणून सांगितलेले नाही. ज्यांना वारसाने पत मिळाली आहे त्यांना एखादा खोटा आकडा पचतो; दुसऱ्या दिवशी त्यांचा शब्द पुन्हा पूर्वीच्याच भावाने चालतो. वंचितांना ही चैन परवडत नाही. काळारामाच्या दाराशी पाच वर्षे बसून, मुंबईपर्यंत पायांची सालटी काढून त्यांनी जी पत कणाकणाने साठविली, ती त्यांच्या वतीने लिहिणाऱ्याच्या एका अतिशयोक्तीने बुडते. ठेव दुसऱ्याची आहे. तिच्यावर सट्टा खेळण्याचा अधिकार कोणाही कार्यकर्त्याला नाही.

साडेसातशे किलो कांद्याच्या त्या हिशोबात एकही विशेषण नव्हते. दोन आकडे होते, आणि ५४ रुपये पदरचे होते. पुढचे निवेदन लिहिताना तेवढे स्मरणात असावे.